एका जोखडाला दोन चालींचे बैल
जुन्या संगणकात दुसरा प्रोसेसर घालण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी

– ऊस विकास अधिकारी



गाळप हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, वजनकाटा पुन्हा प्रमाणित करून घेतला जातो. अलीकडे या यादीत संगणकाची भर पडली आहे. तुमच्या उसाची नोंद, लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, वाहतुकीचा हिशेब आणि शेवटी तुमच्या खात्यावर जमा होणारे बिल, ही सगळी साखळी आता संगणकातून जाते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात. त्या चौदा दिवसांत संगणक चार दिवस बंद पडला तर त्याची झळ कचेरीतल्या कारकुनापेक्षा आपल्याला जास्त बसते. म्हणून हा विषय संगणक खात्याचा आहे असे म्हणून सोडून देता येत नाही.

यंदा हा प्रश्न पुढे येण्याला आणखी एक कारण आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ घालावयाचे तर इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कारखान्यात, विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत आणि पुष्कळ सभासदांच्या घरी चालू स्थितीतली यंत्रे एकाएकी "जुनी" ठरली आहेत.

गट मेळाव्यात आम्हाला सभासद विचारतात, "साहेब, मशीन तर धडधाकट आहे. त्यात एका प्रोसेसरची जागा रिकामी आहे म्हणतात. जुन्या बाजारातनं एक आणून बसवला तर नव्या मशीनचे पैसे वाचणार न्हाईत का?" प्रश्न अगदी रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे आणि तो वाचवण्याचा विचार झालाच पाहिजे. परंतु या प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. ते नीट समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे काय, आणि दोन कशाला?

प्रोसेसर म्हणजे संगणकातला आकडेमोड करणारा आणि हुकूम पाळणारा भाग. वजनातून बैलगाडीचे किंवा ट्रॉलीचे रिकामे वजन वजा कर, राहिलेल्या टनांना दराने गुण, कर्जाची वसुली कमी कर, असे लाखो बारीक हुकूम तो एकामागून एक पाळतो. घरच्या संगणकात प्रोसेसरची जागा एकच असते. कारखान्यासारख्या मोठ्या कामाच्या संगणकात, ज्याला सर्व्हर म्हणतात, पुष्कळदा दोन जागा असतात. खरेदीच्या वेळी खर्च आवरण्यासाठी एकच प्रोसेसर घेतात आणि दुसरी जागा पुढे बघू म्हणून मोकळी ठेवतात. आज जी चर्चा चालते ती याच मोकळ्या जागेची.

साध्या, स्वस्त यंत्रांत दोन प्रोसेसर बसवण्याची सोय १९९० नंतरच्या दशकात रुळली. इंटेलने १९९४ च्या सुमारास त्यासाठी एक लेखी नियमावली काढली, १९९५ साली पेंटियम प्रो आला आणि १९९७ साली पेंटियम टू. पेंटियम टूच्या जोडीची यंत्रे बाजारात सहज मिळू लागली. तेव्हापासून "एक जुना आहेच, दुसरा मिळेल तो घालू" हा प्रयोग जगभर लोकांनी केला आहे. काहींचा जमला, बहुतेकांचा फसला. फसला तो का, हे शेतकऱ्याला सांगायला फार कष्ट पडू नयेत.

जोडी कुठे कुठे जुळावी लागते

जू एकच असते. त्याला एका बाजूला चार वर्षांचा तरणा खोंड आणि दुसऱ्या बाजूला अंगाने थकलेला बैल जुंपला तर काय होते? जू एका अंगाला कलते, खोंड पुढे ओढतो, म्हातारा मागे ताणतो आणि गाडी रस्ता सोडून बांधाकडे जाते. दोन्ही बैल एकेकटे चांगले असतील, दोष त्यांच्या जोडीत असतो. संगणकात ही जोडी पाच ठिकाणी जुळावी लागते.

पहिली गोष्ट विजेचा दाब. १९९७ च्या पहिल्या पेंटियम टूला २.८ व्होल्ट लागत. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम टूला २.० व्होल्ट पुरत आणि त्यानंतरच्या पेंटियम थ्रीच्या काही जाती १.६५ व्होल्टच्या आसपास चालत. खाच एकच असली तरी खुराक निराळा. ज्या बोर्डावर दोन्ही जागांना वेगळा दाब देण्याची सोय नाही तिथे एकाची तरी आबाळ होणार.

दुसरी गोष्ट सामाईक रस्त्याचा वेग. त्या काळच्या यंत्रांत दोन्ही प्रोसेसर एकाच रस्त्यावरून स्मृतीकडे ये-जा करीत. तो रस्ता ६६, १०० किंवा १३३ मेगाहर्ट्झ अशा ठरावीक वेगाचा असे. एक प्रोसेसर १०० चा आणि दुसरा १३३ चा असेल तर रस्ता दोघांच्या सोयीचा ठेवता येत नाही. वेगवान असेल त्याला सावकाश चालावे लागते, नाहीतर सावकाश असेल तो दमतो.

तिसरी गोष्ट कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, चपळ स्मृती. दोन कारकून एकाच खातेवहीवरून काम करीत आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाने सोयीसाठी एकेक पान उतरवून जवळ ठेवले आहे. एकाने आकडा बदलला की दुसऱ्याला लगेच सांगावेच लागते, नाहीतर दोघांचे हिशेब दोन होतात. प्रोसेसर ही सांगासांग सेकंदाला लाखो वेळा करीत असतात. दोघांच्या कॅशची घडण सारखी नसेल तर या देवाणघेवाणीला खात्रीचा आधार राहत नाही.

चौथी गोष्ट हुकमांची भाषा, आणि ही सर्वांत फसवी आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या पेंटियम थ्रीला एसएसई नावाच्या ७० नव्या आज्ञा कळत. पेंटियम टूला त्या कळत नसत. दोघांची खाच एकच होती. अशी जोडी जुंपली आणि एखादा कार्यक्रम पेंटियम थ्रीवर सुरू झाला, तर तो नव्या आज्ञा वापरू लागतो. मध्येच कार्यप्रणाली तोच कार्यक्रम दुसऱ्या प्रोसेसरकडे सोपवते. तिथे नवी आज्ञा आली की हा म्हणतो, मला हे कळत नाही. कार्यक्रम तिथेच कोसळतो. आज दहा वाजता कोसळेल, उद्या दिवसभर नीट चालेल. असा रोग शोधून काढणे फार अवघड.

पाचवी गोष्ट उपजात. प्रोसेसरच्या एकाच नावाखाली कारखानदार वेळोवेळी सुधारलेली आवृत्ती काढतो. तिला स्टेपिंग म्हणतात. आपण को ८६०३२ एकच वाण म्हणतो, पण मूलभूत बियाणे कुठल्या पिढीचे हे बघतोच ना? तसेच हे. स्टेपिंगमध्ये थोडा फरक असला तर काही घराण्यांच्या बाबतीत इंटेलने जोडीला परवानगी दिलेली आहे. मात्र वेग, कॅश आणि रस्ता तोच हवा, दोघांनाही लागणाऱ्या दुरुस्ती-आज्ञा बोर्डाच्या बायोसमध्ये असायला हव्यात, आणि यंत्र सुरू करण्याचे काम दोघांपैकी कमी गुणांच्या प्रोसेसरकडे असायला हवे. शेवटची अट नीट ध्यानात घ्या. पुढारी कमी जाणणारा असला म्हणजे तो दुसऱ्याला न पेलणारे काम कोणाला सांगत नाही.

न जुळले तर काय होते

तीन प्रकार होतात. पहिला प्रकार म्हणजे यंत्र सुरूच होत नाही. आपल्या दृष्टीने हा सर्वांत चांगला प्रकार समजावा, कारण नुकसान तिथेच कळते. मी एका सहकारी संस्थेत हे पाहिले आहे. संस्थेच्या सर्व्हरमध्ये झिऑन ई५-२६२० हा २०१२ सालचा प्रोसेसर होता. दुसरा आणला तो ई५-२६२० व्ही२, म्हणजे २०१३ सालचा. नाव जवळजवळ एक, दोघांना सहा-सहा गाभे, कॅशही सारखीच, आणि खाचेत अगदी बरोबर बसला. पहिल्याचा वेग २.० गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.१. एवढ्याशा फरकाने काय होते असे सगळ्यांना वाटले. पण व्ही२ ही नवी घडण आहे. बटण दाबल्यावर यंत्राने पडद्यावर प्रोसेसर जुळत नसल्याचा संदेश दाखवला आणि ते तिथेच थांबले. विकणारा म्हणाला, "माल चालू आहे." तेही खरे होते. एकटा घातला तर कदाचित चाललाही असता. संस्थेचे पैसे मात्र अडकले.

दुसरा प्रकार, यंत्र चालते पण कमी प्रतीच्या चालीने. काही बोर्ड दोन्ही प्रोसेसरांना त्यांतल्या हळू असलेल्याच्या वेगावर आणतात. काही कार्यप्रणाल्या दोघांना समान येणाऱ्या आज्ञाच वापरतात. म्हणजे नवा, महाग घेतलेला प्रोसेसर जुन्याच्या पायरीवर येऊन बसतो. स्मृतीच्या पट्ट्यांचेही असेच आहे. १६०० ची नवी पट्टी १३३३ च्या जुन्या पट्टीशेजारी घातली तर दोन्ही १३३३ नेच चालतात.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. यंत्र चालते, वेगही वाटतो, आणि हिशेबात बारीक गडबड होते. प्रत्येक प्रोसेसरमध्ये ठोके मोजणारे एक घड्याळ असते. दोघांचा वेग निराळा असेल तर दोन्ही घड्याळांचे ठोके जुळत नाहीत. एखादा कार्यक्रम एकदा या घड्याळात आणि एकदा त्या घड्याळात बघू लागला तर त्याला वेळ मागे गेल्यासारखी दिसू शकते. काट्यावर आधी आलेली गाडी नोंदीत नंतर दिसली तर काय वादंग होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटे चार वाजल्यापासून रांगेत उभा असलेला गाडीवान संगणकाचे कारण ऐकून घेत नाही, आणि त्याने ते का ऐकावे?

पुण्याचा परम

इथे कोणी विचारील, मग वेगवेगळे प्रोसेसर एकत्र कधीच चालत नाहीत का? चालतात. आपल्याच महाराष्ट्रात ते चालवून दाखवले आहेत. फक्त ते कसे चालवले हे बघितले पाहिजे.

१९८० नंतरच्या दशकात भारताला अमेरिकेकडून मोठे महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्या. तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे पुष्कळ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून वाटून काम करून घेतले. एकट्याला न उचलणारी मोळी दहा जणांनी उचलावी तसे. सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

वर्षभरातच आकडेमोडीची ताकद कमी पडते असे दिसले. बाजारात इंटेलचा आय-८६० हा बराच जोमदार प्रोसेसर आला होता. जुने ट्रान्सप्युटर टाकून देऊन सगळे नवे करावे, की नवा जुन्यांच्या शेजारी बसवावा? सी-डॅकने दोघांना एकत्र घेतले आणि परम ८६०० उभा केला. पण एकाच जोखडाला जुंपले नाही. आय-८६० ने फक्त आकडेमोड करायची आणि ट्रान्सप्युटरनी संदेशांची ने-आण करायची, अशी कामाची वाटणी करून दिली. शिवाय परस हे आज्ञा लिहिण्याचे वातावरण दोन्ही यंत्रांना एकच ठेवले, त्यामुळे परम ८००० साठी लिहिलेले कार्यक्रम ८६०० वरही वापरता आले.

पुढे २००८ साली पुण्यातच परम युवा झाला. त्याची कमाल ताकद ५४ टेराफ्लॉप होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती, परम युवा-२, आली आणि ताकद ५०० टेराफ्लॉपच्या वर गेली. त्यातही दोन जातींचे प्रोसेसर होते. झिऑन हे नेहमीचे काम करणारे आणि झिऑन फाय हे जड आकडेमोडीसाठी मदतनीस. पण मुख्य काम करणारी झिऑनची जोडी एकाच जातीची, ई५-२६७० ची होती. मदतनीस वेगळ्या जागी, वेगळ्या कार्डावर बसवलेले होते आणि त्यांना काय द्यायचे ते आधीच ठरलेले होते.

यातला फरक शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर असा. एकाच जोखडाला बैल आणि रेडा जुंपू नये. पण बैलाने नांगर ओढावा आणि घोड्याने निरोप न्यावा याला काही हरकत नाही. मोकळ्या जागेत मिळेल तो प्रोसेसर घालणारा पहिली गोष्ट करतो. परमच्या शास्त्रज्ञांनी दुसरी केली, आणि त्यासाठी आखणी, खास बोर्ड व खास आज्ञावली यांवर जाणत्या माणसांनी मेहनत घेतली. बाजारात मिळणारा सर्व्हर त्या आखणीने बनवलेला नसतो.

तुमच्या खिशातले उदाहरण

तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही दोन जातींचे गाभे असतात. काही दमदार, काही कमी वीज खाणारे. एआरएम कंपनीने २०११ साली ही पद्धत जाहीर केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलनेही घरगुती संगणकासाठी बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे गाभे एकाच चिपवर आणले. तिथे काय झाले बघा. मोठ्या गाभ्यांना एव्हीएक्स-५१२ नावाच्या आज्ञा येत होत्या, छोट्यांना येत नव्हत्या. शेवटी इंटेलने त्या आज्ञा मोठ्या गाभ्यांतही बंद करून टाकल्या. चिप बनवणाऱ्या कंपनीलाही जोडीत कमी जाणणाऱ्याच्या पायरीवर यावे लागले. मग जुन्या बाजारातून आणलेल्या सुट्या प्रोसेसरकडून आपण वेगळी काय अपेक्षा ठेवावी?

वारणेने काय केले

साखर कारखान्यांच्या परिवारातले एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांमध्ये, संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. सभासदाला आपल्या उसाचा हिशेब, तोडणीची परवानगी, खताची उचल ही माहिती कारखान्यापर्यंत हेलपाटा न घालता गावातच मिळावी हा हेतू होता. काही वर्षांनी यंत्रे जुनी झाली, दुरुस्ती वाढली, वीज आणि जोडणीचा त्रास होताच. गावोगावचे संगणक पुन्हा नव्याने सुधारावेत असाही एक मार्ग होता. पण २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने तिथल्या सात गावांत वेगळा प्रयोग करून पाहिला. गावातला संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाईलच्या लघुसंदेशावर आणले. सभासदाला हवी असलेली माहिती लहानशीच होती, आणि ती संदेशातून मिळू शकत होती.

यातून घ्यायचे ते एवढेच. जुने यंत्र सुधारण्यापूर्वी, त्या यंत्राकडून आपल्याला नेमके काय हवे आहे हे आधी विचारावे. कधी कधी त्या कामाला ते यंत्रच लागत नाही.

दोन बैलजोड्या म्हणजे दुप्पट नांगरट नव्हे

समजा जोडी अगदी तंतोतंत जुळली. तरी काम दुप्पट वेगाने होईल का? याचे उत्तर जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली दिले आहे. प्रत्येक कामात काही भाग असा असतो की तो वाटून घेता येत नाही. पंधरवड्याचे ऊस बिल काढायला १०० मिनिटे लागतात असे धरू. त्यातली ४० मिनिटे एकामागून एकच करावयाच्या कामाची आहेत आणि ६० मिनिटांचे काम वाटता येते. दोन प्रोसेसर लावले तर ६० ची ३० होतील, ४० तशीच राहतील. एकूण ७० मिनिटे. दुप्पट खर्चाला तीस मिनिटांची बचत.

आपल्या मिलच्या संचाचा अनुभव हाच आहे. चार मिलच्या जुन्या संचात एकच मिल मोठी बसवली तर गाळप त्या एका मिलच्या ताकदीने होत नाही. आधीच्या मिलमधून जेवढे चिपाड येईल तेवढेच ती खाणार. गाळपक्षमता वाढवताना उसाच्या गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत सगळ्याचा मेळ बसवावा लागतो, हे जुन्या सभासदांना विस्तारीकरणाच्या वेळेपासून माहीत आहे.

पुष्कळ वेळा जुना संगणक मंद होण्याचे कारण प्रोसेसर नसतेच. स्मृती अपुरी असते, किंवा फिरणारी जुनी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि स्मृती वाढवली तर साध्या कचेरी-कामात पडणारा फरक दुसऱ्या प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो, आणि खर्चही कमी येतो. आधी रोग बघावा, मग औषध. पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकणारा आणि मुळाला पाणी साचले आहे का हे न बघणारा शेतकरी आपण चांगला म्हणत नाही.

जुन्या बाजारात जाताना

वसईच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागात लहान लहान गाळ्यांची मोठी औद्योगिक वस्ती आहे. वसई म्हटले की आमच्या पिढीला केळीच्या वाड्या आठवतात. जुन्या काळी तिथे उसाच्याही वाड्या होत्या. आज तोच परिसर यंत्रभागांचा आहे. काट्याच्या एका इलेक्ट्रॉनिक भागाच्या कामासाठी मी गोखिवऱ्याला गेलो होतो. तिथल्या एका गाळ्यातला कारागीर जुन्या प्रोसेसरांचे ट्रे पुढे घेऊन बसला होता आणि भिंगाने एकेकाच्या डोक्यावरची अक्षरे वाचून जोड्या लावीत होता. मी विचारले, नाव तर एकच दिसते, मग भिंग कशाला? तो म्हणाला, "साहेब, नाव आडनावासारखं असतं. एका आडनावाची गावात पन्नास घरं. मी घर नंबर बघतोय."

तो ज्याला घर नंबर म्हणत होता तो म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरवर कोरलेला एस अक्षराने सुरू होणारा पाच अक्षरी संकेत. त्याला एस-स्पेक म्हणतात. त्यावरून घराणे, वेग, कॅश आणि स्टेपिंग सगळे कळते. दोन प्रोसेसरांचा हा संकेत एकच असेल तर जोडी खात्रीची. म्हणून यापुढे कोणी "सेम टू सेम आहे" म्हणाला तर त्याला हा संकेत लिहून मागा.

घरच्या एका प्रोसेसरच्या यंत्रातही नुसत्या खाचेवर जाऊ नये. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची आणि आठव्या पिढीची खाच मोजायला एकच, ११५१ टोकांची. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतोही. पण चालत नाही, कारण टोकांची वाटणी बदलली आहे आणि त्याला नव्या मालिकेचाच बोर्ड लागतो. विंडोज ११ साठी मुलाला "फक्त प्रोसेसर बदलून" देण्याच्या विचारात असलेल्या सभासदांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

सभासदांनी आणि संस्थांनी काय करावे

१. आधी काम मोजा. संगणक कशात अडतो, प्रोसेसरमध्ये, स्मृतीत की डिस्कमध्ये, हे जाणकाराकडून आठवडाभर बघून घ्या. हे काम ऐन हंगामात, काम जास्तीत जास्त असताना करावे.

२. दुसरा प्रोसेसर घ्यायचाच तर पहिल्याचा एस-स्पेक संकेत लिहून घेऊन तोच संकेत असलेला घ्या. तो मिळत नसेल तर दोन्ही एकसारखे नवे घ्या आणि जुना काढून ठेवा. "जवळपासचा" घेऊ नका.

३. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बघा आणि बायोस अद्ययावत करून घ्या. यादीत नाव नसेल तर विषय तिथेच सोडा.

४. प्रोसेसरबरोबर त्याचा उष्णता बाहेर टाकणारा पंखा, पुरेशा ताकदीचा वीजपुरवठा आणि स्मृतीच्या पट्ट्या यांचा खर्च धरा. साधारण २००९ नंतरच्या झिऑनच्या दोन जागांच्या यंत्रांत स्मृतीच्या निम्म्या खाचा दुसऱ्या प्रोसेसरच्या मालकीच्या असतात. त्यांत पट्ट्या घातल्याशिवाय त्या प्रोसेसरला आपली म्हणून स्मृती मिळत नाही.

५. कार्यप्रणालीचा परवाना बघा. विंडोज १० आणि ११ ची होम आवृत्ती प्रोसेसरची एकच जागा वापरते, प्रो आवृत्ती दोन. होम असलेल्या यंत्रात दुसरा प्रोसेसर घालणे म्हणजे बैल विकत घेऊन गोठ्यात बांधून ठेवणे.

६. बदल करण्यापूर्वी सगळ्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती उघडते का ते बघा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

७. बदल फक्त बंद हंगामात करा. मागील हंगामातल्या एका पंधरवड्याची बिले नव्या व्यवस्थेवर पुन्हा काढून पैशापर्यंत जुळतात का ते ताडून बघा. महिनाभर अशी चाचणी झाल्याशिवाय काट्याला जोडू नका.

८. जुना माल घेताना चाचणीची मुदत आणि परतीची अट पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर संस्थेचा पैसा जाऊ नये.

९. निकामी यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी डिस्क काढून घ्या. तिच्यात सभासदांची खाती असतात. बाकीचे सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

आमच्या शेतकी खात्याच्या दृष्टीने शेवटचे एक सांगतो. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर आणि उसाच्या पक्वतेवर लागतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा, प्रत्येकाची पाळी वेगळी. ही यादी एक दिवस चुकली तर टोळी भलत्याच फडात जाते, पक्व ऊस उभा राहतो, तुरा येतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तो घाटा प्रोसेसरवर वाचवलेल्या पैशातून भरून निघत नाही. म्हणून काटकसर जरूर करावी, पण ती जिथे यंत्राला सोसते तिथे करावी.

सर्वसाधारण सभेत संगणक-सुधारणेचा विषय आला तर सभासदांनी गप्प बसू नये. किती रुपयांचा खर्च एवढेच न विचारता, कोणता प्रोसेसर, कोणत्या संकेताचा, चाचणी किती दिवस झाली आणि प्रत कुठे ठेवली, हेही विचारावे. आपण बाजारात बैल घेताना दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. तेवढी चौकशी इथेही करावी. आपापल्या सोसायटीच्या किंवा घरच्या यंत्राबद्दल शंका असल्यास यंत्राचे नाव व प्रोसेसरचा संकेत कागदावर लिहून गट कचेरीत द्यावा. आमच्या संगणक खात्याकडून माहिती घेऊन आम्ही कळवू.

कळावे.